टेबलाची उंची

माझे वडील कंधारला सुतारकाम करतात. करायचे, असं म्हणायची वेळ दोन वर्षांपूर्वी आली होती. अण्णांचे हात थरथरू लागले. लाकडाच्या कडा कोरायचं, हातात धरून चालवायचं राउटर मशीन एका देव्हाऱ्याच्या कडेवरून घसरलं आणि महिनाभराचं काम वाया गेलं. त्यांनी मशीन पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मशीन पुन्हा हातात धरायचं नाही म्हणून बजावलं. मग अण्णा दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघू लागले. मला ते बघवत नव्हतं.

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. प्रश्न दिसला की उत्तर काढल्याशिवाय मला जेवण जात नाही, आणि मी समोरच्यालाही जेवू देत नाही. शोधता शोधता मला राउटर टेबल सापडलं. मशीन उलटं करून टेबलाखाली घट्ट बसवायचं, पातं तेवढं वर येतं. मग मशीन धरायचं नाही, लाकूडच सरकवायचं. हात जरा थरथरला तरी लाकूड टेबलावरच्या आधारपट्टीला टेकलेलं असतं, आणि बोटं पात्यापासून लांब ठेवून ते ढकलायला लाकडी दट्ट्या असतो. लातूरच्या एका दुकानात तयार टेबल होतं. त्याचा फोटो मी आईच्या मोबाइलवर पाठवला.

लगेच अण्णांचा फोन आला. "सुताराच्या घरी टेबल इकत आणतीस व्हय माय? लोक काय म्हनतील?"

"लोक काही म्हणत नाहीत अण्णा, तुम्हीच म्हणताय."

"हाव, मीच म्हनून राहिलो."

आठवडाभर आमचं हेच चाललं. मी म्हणायची, तयार टेबलात एका सुताचाही फरक नसतो. ते विचारायचे, मग काटकोन बघायचा माझा गुण्या काय वाकडा हाय का? शेवटी मी हरले, टेबल अण्णाच बनवणार असं ठरलं. खरं सांगायचं तर हरायला मला आवडलं, कारण भांडताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. मात्र एक अट घातली, टेबल माझ्या नकाशाप्रमाणेच व्हायचं. बापाला शिकवायची माझी ही खोड जुनीच आहे. व्हिडिओ बघून मी सगळी मापं काढली, उंचीसुद्धा, आणि कागद पाठवून दिला. त्यावर अण्णा एका शब्दानंही उलट बोलले नाहीत. तिथंच मला शंका यायला हवी होती.

काही रविवारांनी मी कंधारला गेले तेव्हा टेबल उभं होतं. सागवानाचे पाय, वर गुळगुळीत प्लायवूड, खाली मशीन. उंची बरोबर माझ्या कंबरेइतकी. अण्णा त्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी लाकडाची एक पट्टी सरकवली. मग दुसरी. हात थरथरत होते, तरी कड सुरेख निघाली. तिसऱ्या पट्टीला त्यांनी मशीन बंद केलं, "बेस झालंय" म्हणाले आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. मला काही कळेना, आणि कळलं नाही की मी चिडते. इतकं करून यांना कामच करायचं नाही, असं मी आईला जाऊन सांगितलं.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जल्मात कदी उभं राहून काम केलंय का त्यांनी? तू बघितलं न्हाईस?"

बघितलं होतं. रोज बघितलं होतं. मांडी घालून बसलेले, फळी पायानं दाबून रंधा मारणारे अण्णा. त्यांच्यासमोर भुशात बसूनच मी पाढे पाठ केले होते. सगळी मापं घेतली आणि ज्याच्यासाठी घेतली त्यालाच विसरले. मला फार लाज वाटली.

मी ओट्यावर गेले. "सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू लई अभ्यास करून काढलं व्हतंस माय," अण्णा म्हणाले. "त्यावर रेघ मारायचं मन हुईना."

मी आतून करवत आणून त्यांच्या हातात दिली. चांगले सागवानी पाय हायत, असं ते दोनदा पुटपुटले. मग आम्ही टेबल आडवं केलं, मी घट्ट धरलं आणि त्यांनी चारही पाय कापले. टेबल दीड फुटाचं उरलं. अण्णा त्यापुढे मांडी घालून बसले. त्या दुपारी जेवायला त्यांना तीन वेळा हाक मारावी लागली.

पंधरा दिवसांनी परत गेले तर मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच येत होता. मी नेहमीसारखी त्यांच्यासमोर खाली बसायला लागले. क्लासमध्ये दिवसभर उभं राहून माझे गुडघे हल्ली कुरकुरतात, पण हे मी घरी कुणालाच बोलले नव्हते. अण्णांनी पायानंच एक स्टूल पुढे सरकवलं. टेबलाच्या पायांचे कापलेले तेच चार तुकडे, वर सागवानी फळी, आणि तिच्या कडा हात फिरवत राहावं अशा गोल.

"ह्या टेबलावरचं पयलं काम," ते म्हणाले. "खाली बसनं हुईना ना तुला आता."

मी बसले. उंची बरोबर होती.