बिल्ला नसलेल्या सात बाभळी

हर्सूलच्या पुढं, माळावरच्या वनस्पती उद्यानात कडुबा सत्तावीस वर्षं माळी होता. निवृत्तीला चार महिने उरले होते. उद्यानातल्या झाडांना पत्र्याचे नंबरी बिल्ले, आणि प्रत्येक बिल्ला कडुबानं बांधलेला. खोड जाड होईल तशी दरवर्षी तो तार सैल करायचा. बायको सखूबाई म्हणायची, "झाडाला तार रुतलेली दिसती, अन् माझ्या चपलेचा अंगठा तुटल्याला दिसत नाय!"

यंदा उद्यानात येणाऱ्यांसाठी एक इमारत व्हायची होती. तिकीट-खिडकी, झाडांची माहिती देणारं दालन, बसायला ओटा. नकाशा तनुजाचा. वास्तुकलेचं शिकून आलेली ही मुलगी, पहिलंच स्वतंत्र काम. कडुबाला ती मामा म्हणायची आणि त्याच्या डब्यातला ठेचा हक्कानं खायची.

मंगळवारी आखणी सुरू झाली. खुंट्या, सुतळी, पांढरी फक्की. तीन खुंट्या ठोकल्या आणि चौथीला कडुबाचा हात थांबला. सुतळी बाभळींच्या मधून चालली होती.

"मामा, ठोका की."

"म्याडम, इथं सात बाभळी हायत."

"दिसतायत. पण यादीत नाहीत. यादीत झाड नाही ती जागा मी रिकामी धरली. ह्यांना बिल्लेच नव्हते ना!"

झाडांची मोजणी झाली ती बिल्ल्यांवरून. म्हणजे इमारतीखाली जाणाऱ्या बाभळी कडुबानंच नकाशावरून पुसल्या होत्या. खुंटी बाजूला ठेवून तो बाभळीखाली बसला, तनुजाही शेजारी टेकली.

"बिल्ला सरकारच्या झाडाला, असं मला वाटायचं," तो म्हणाला. "ही तर आमच्या मेंढरांची."

"मेंढरांची कशी?"

"उद्यान व्हायच्या आधी उन्हाळ्यात आमचा मुक्काम इथंच असायचा. ह्या जागी वाघूर लावायचो. वाघूर म्हंजी दोरीची जाळी, तिच्या गोलात मेंढरं कोंडायची. दिवसभर बाभळीच्या शेंगा खायची, अन् रवंथ करता करता बिया थुंकायची. मधल्या बिया खुरांखाली गेल्या. जाळीच्या कडंच्या वाचल्या."

तनुजानं उठून चक्कर मारली. खरंच, झाडं गोलातच उभी होती. फक्त पूर्वेला आठेक फुटांची फट होती.

"आणि हे?"

"ते दार. तिथं मी आडवा झोपायचो. माझ्या अंगाखाली काय उगवतंय!"

तनुजा खळखळून हसली आणि हातातल्या वहीत रेघोट्या मारू लागली. दालन थोडं अरुंद केलं, वळवलं. बाभळींचा गोल आता मधलं अंगण झाला आणि जुन्या दारातच नवं दार आलं.

"बसतंय, मामा! पण नकाशा बदलायचा तर मोठ्या साहेबांना कारण लेखी द्यावं लागेल. मी लिहिते, पाहणीत माझ्याकडून राहिलं."

"नाय."

"अहो, तुमचे चारच महिने राहिलेत. कशाला नसता ठपका?"

"तुमचं पहिलंच काम हाय, माझी नोकरी संपायलीय. लिहा, कडुबानं बिल्ले बांधले नाय. खरं हाय ते."

तिनं तसंच लिहिलं. कडुबानं खाली सही केली, नेहमीसारखी एकेक अक्षर कोरत. साहेबांनी बोलावून अर्धा तास सुनावलं, आणि शेवटी विचारलं, "मोजणीच्या वहीत ह्यांचा लावणारा कोण लिहायचा?"

"मेंढरं लिहा, साहेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नव्या नकाशावर सही केली.

शनिवारी कडुबा सात नवे बिल्ले घेऊन आला. तनुजा फक्कीची नवी रेघ ओढत होती. पहिल्या बाभळीची तार त्यानं वळवली, तर तिच्यात हाताची मूठ सहज जाईल एवढी ती ढिली राहिली.

"मामा, एवढी सैल? बिल्ला लोंबतोय की!"

"लोंबू द्या," कडुबा म्हणाला. "पुढच्या साली सैल करायला मी नसंन."

आणि दुसऱ्या झाडाकडं वळला.