पारपत्रमंत्र्यांचं पारपत्र

पुण्याहून कुणाही नातेवाइकाचा फोन आला की दुसरं वाक्य ठरलेलं असायचं. "काय म्हणतायत तुमचे गृहमंत्री?" बायकोला गृहमंत्री म्हणण्याचा विनोद पहिल्यांदा कुणी केला ते ठाऊक नाही, पण त्या विनोदाला सेवानिवृत्त करण्याची वेळ केव्हाच उलटून गेली आहे. आमच्या आईला तो कधीच आवडला नाही. "गृहखातं म्हणजे धुणी, भांडी आणि मोलकरणीच्या दांड्या," ती म्हणायची. "ते तुमच्याकडेच ठेवा. मला परराष्ट्र द्या."

आणि तिला ते मिळालंही. दिल्लीत मंत्रिमंडळाचा फेरबदल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेपर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसत आणि घरचंही खातेवाटप करून टाकत. धाकटा भाऊ कधीच घरात नसायचा, म्हणून त्याला दळणवळण. मी शाळेत शिकवते, म्हणून मला शिक्षण. बाबा स्वतः पंतप्रधान, म्हणजे त्यांना काम काहीच नाही. आणि आईकडे परराष्ट्र व्यवहार, पारपत्र आणि संरक्षण अशी तीन खाती. दिल्लीत कितीही उलथापालथ झाली तरी ही तीन खाती तिच्याकडून कुणी हलवू शकलं नाही.

संरक्षणावर खरं म्हणजे बाबांचा दावा होता. त्यांची सगळी नोकरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम या लष्करी किल्ल्यातल्या एका सिव्हिलियन कचेरीत गेली. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही, पण बंदुकांविषयीचे कागद तीन-तीन प्रतींत धरले, आणि त्या जोरावर "संरक्षणातलं मला विचारा" असं ते म्हणत. आई त्यावर एवढंच म्हणाली, "मंगळवारी मांजर पातेल्यावरचं झाकण पाडून दूध प्यायलं, तेव्हा तुम्ही शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतात." दावा तिथल्या तिथे निकालात निघाला.

परराष्ट्र खातं सगळ्यात मोठं, कारण आमचं घर बागबाजारात. एके काळी मराठे येतील या भीतीनं या शहरानं जो खंदक खणला, तो इथूनच सुरू व्हायचा. खंदक बुजला, मराठे आले, आणि आता दुसऱ्या मजल्यावर राहतात. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या ठाकुमा अजून आम्हांला लाडानं 'बर्गी' म्हणतात. बर्गी म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार. आईनं त्यांच्याकडून आजवर लुटली ती फक्त केळफुलाच्या भाजीची कृती.

शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आईच्या परराष्ट्र धोरणातलं पहिलं आणि शेवटचं कलम. आमच्याकडून पुरणपोळी गेली की तिकडून संदेश येतो, म्हणजे मिठाईचा. संदेश आला की साबुदाण्याची खिचडी जाते. हे कुणी सुरू केलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, आणि थांबवायचं कुणी हेही कळत नाही. भाषेचा प्रश्न सुरुवातीला अवघड होता. आई लग्न होऊन नवीन आली तेव्हा एकदा ठाकुमांकडे धावत गेली आणि हिमतीनं म्हणाली, "आमार चूल जोलछे ना!" तिला सांगायचं होतं की चूल पेटत नाहीये. बंगालीत 'चुल' म्हणजे केस. ठाकुमांनी तिच्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही ना जळत? मग बरंच आहे की गं." दोन्ही देशांची मैत्री त्या दिवसापासूनची.

राहिलं पारपत्र. एका निळ्या रेशमी पिशवीत आमची तिघांची पारपत्रं आईच्या कपाटात, शालूच्या घडीत असत. कुणाचं कधी संपतं हे तिला तोंडपाठ. भाऊ परदेशी शिकायला गेला ते तिच्यामुळे वेळेवर. त्याच्या पदवीदानाला बाबा आणि मी गेलो तेही तिच्यामुळे. ती स्वतः आली नाही, कारण तेव्हा आजी, बाबांची आई, अंथरुणाला खिळलेली होती. पुढे आजी गेली, पण आईचं पारपत्र काढायचं राहूनच गेलं. मी कधी विषय काढला तर म्हणायची, "मंत्र्यानं खातं सांभाळायचं असतं. फिरायला सगळे आहेत." मला ते उत्तर फार आवडायचं. आता वाटतं, आवडायला नको होतं.

मग दोन वर्षांपूर्वी टोरांटोहून मावसभावाचा फोन आला. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे आईची वेणीफणी, शाळेचा डबा, पहिलं नऊवारी नेसवणं, सगळं या बहिणीनं केलेलं. तिची आठवण आता पुसत चालली होती. माणसं एकेक करून गळत होती. "पण तुझ्या आईचं नाव काढते अजून," मावसभाऊ म्हणाला. "सारखं विचारते. यायचं असेल तर लवकर या. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

मी फोन ठेवून आईला हे सांगितलं आणि ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "मला जायचंय."

बाबांनी लगेच पारपत्र खात्याचा अतिरिक्त कार्यभार स्वतःकडे घेतला. मंत्रीच प्रवासी असेल तर फाइल तिच्याकडे राहणं नियमाला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस ते कॉम्प्युटरसमोर बसून होते. प्रत्येक रकाना आधी कागदावर पेन्सिलीनं, मग पेनानं आणि शेवटी स्क्रीनवर, असा तीनदा भरला. आईला दाखवला, पण तेव्हा तिचा चष्मा देवघरात होता आणि कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. वर बाबांनी, कुणी मागितला नसताना, आईचा शाळा सोडल्याचा दाखलाही जोडला. "एक कागद जास्त असला तर कुणी मरत नाही," हे त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं.

मुलाखतीच्या दिवशी ज्येष्ठ नागरिकाबरोबर एकालाच सोडत होते, म्हणून बाबा आत गेले आणि मी बाहेर थांबले. तासाभरानं दोघं बाहेर आली ती चार हातांचं अंतर ठेवून. आत काय झालं याची दोन्ही पक्षांनी वेगवेगळी निवेदनं केली. बाबांचं निवेदन : "किरकोळ तांत्रिक त्रुटी निघाली." आईचं निवेदन जरा सविस्तर होतं. काउंटरवरच्या मुलीनं दाखला हातात घेतला आणि विचारलं, एटा कार, हा कुणाचा? बाबा म्हणाले, माझ्या बायकोचा. मुलगी म्हणाली, "नाम तो आलादा!" नाव तर वेगळंच आहे. आणि अर्जात, 'कधी नाव बदललं आहे का' आणि 'दुसऱ्या कोणत्या नावानं ओळखल्या जाता का' या दोन्ही प्रश्नांपुढे बाबांनी स्वच्छ 'नाही' लिहिलेलं.

"मग हे माझ्याकडे असे बघायला लागले," आई म्हणाली, "जणू मीच खोटं नाव सांगून चाळीस वर्षं यांच्या घरात राहिले."

अर्ज अडकला. आता प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, पुन्हा तारीख. आणि तिकडे मावशीचा एकेक दिवस गळत होता.

आईनं राजनैतिक संबंध तोडले. "तुझ्या बाबांना सांग, चहा झालाय." बाबा दोन हातांवर बसलेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ती ऐकून मला हसावं का रडावं कळेना. आईचं लग्नात नाव बदललं होतं. बाबांच्या आत्यानं नवीन नाव सुचवलं आणि बाबांनी ते तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं. पण बाबा जन्मले, वाढले कलकत्त्यात. इथं प्रत्येक माणसाला दोन नावं असतात. एक 'भालो नाम', शाळेच्या आणि कचेरीच्या कागदावरचं, आणि एक 'डाकनाम', घरात हाक मारायचं. मोठमोठ्या न्यायाधीशांनाही घरी खोकन, म्हणजे बाळ, म्हणतात. डाकनाम काही कुणी अर्जात लिहीत नाही. मावशी फोनवर आईला ज्या नावानं बोलवायची ते बाबांच्या डोक्यात कधीतरी 'डाकनाम' म्हणून जाऊन बसलं, आणि तांदळाचं ताट हळूहळू विसरलं गेलं.

"मला खरंच वाटलं ते तुझं डाकनाम आहे," बाबा म्हणाले.

आईनं चहाचा कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "डाकनाम घरच्या माणसांनी हाक मारायला असतं. तुम्ही एकदा तरी मारलीत हाक?"

तसं तर नव्या नावानंही बाबांनी तिला कधी हाक मारली नव्हती. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर चाळीस वर्षं निघाली होती. मला त्यांचा फार राग आला. आणि माझा स्वतःचाही, कारण मीही कलकत्त्यातच वाढले. ते मावशीनं ठेवलेलं लाडाचं नाव आहे असंच मी समजून चालले होते. जन्मल्यावर कानात सांगितलेलं, वीस-बावीस वर्षं वापरलेलं आपल्या आईचं नाव, आणि ते मला एका काउंटरवरच्या मुलीमुळे कळलं.

मग बाबा कामाला लागले. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे उभं राहून प्रतिज्ञापत्र करून आणलं. पाच प्रती. अर्ज नव्यानं भरला, दोन्ही नावं दोन्ही रकान्यांत, आणि या वेळी आईचा चष्मा स्वतः देवघरातून आणून तिच्या हातात दिला. दुसरी तारीख सुरळीत पार पडली. कागद तेवढेच जोडले जेवढे मागितले होते. हे बाबांना किती जड गेलं असेल ते मीच जाणे.

पंधरा दिवसांनी पडताळणीला एक पोलीस आले, साध्या कपड्यांतले, घामानं भिजलेले. खाली दरवानाला त्यांनी आईचं कागदावरचं नाव विचारलं, तर तो म्हणाला असं इथं कुणी राहत नाही. समोर ठाकुमांना विचारलं, त्याही नाही म्हणाल्या. सगळ्या गल्लीला ती 'काकीमा' नाहीतर 'बर्गी बोउदी', म्हणजे बर्गी वहिनी, म्हणून माहीत. शेवटी मीच गॅलरीतून ओरडून त्यांना वर बोलावलं. ते दमून खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि बाबांना विचारलं, "आपनार स्त्रीर नाम?"

बाबा ताठ बसले. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी आधी सासरचं नाव सांगितलं, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाले, "आणि लग्नाआधीचं..." आणि ते नाव, मोठ्यानं, दिवाणखान्यात म्हणाले.

"ओऽऽ!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तो आईचा आवाज होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. अंगणात खेळणाऱ्या मुलीला घरातून हाक आली की ती देते तसा. पदराला हात पुसत ती दारात आली, आम्हां तिघांकडे पाहिलं, आणि आपण कशाला ओ दिली ते तिच्या लक्षात आलं. तोंड लपवायला ती पोलिसांना म्हणाली, "चा खाबेन?" पोलीस म्हणाले, खाईन. त्यांनी दोन कप चहा प्यायला आणि अहवाल चांगला पाठवला असावा, कारण पारपत्र आठवड्यात आलं.

व्हिसाला आणखी वेळ गेला. भाऊ मधल्या विमानतळावर तिला भेटणार होता, तरी बाबांनी तिला सूचनांचा दोन पानी मसुदा करून दिला. तिनं तो न वाचता पर्समध्ये ठेवला. ती निघाली तेव्हा बाबा टॅक्सीच्या खिडकीशी वाकून काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, "पिशवी सांभाळ."

पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळ होती, बाबा दाढी करत होते. मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा गालाला फेस तसाच ठेवून आले.

"भेटलीस?" त्यांनी विचारलं.

"भेटले. खूप वाळलीये. माझ्याकडे बघून हसली, बसा म्हणाली. बसा म्हणाली मला. मग मी माझं नाव सांगितलं. म्हटलं, ताई, मी आलेय. तर म्हणते, ती ना? तिचं लग्न झालं. ती कलकत्त्याला असते. फार लांब आहे हो, तिला येता येत नाही."

मी फोन बाबांच्या आणखी जवळ धरला.

"मग म्हणते, तुम्हांला भेटली कधी तर सांगा, मी विचारलं म्हणून. एकदा येऊन जा म्हणावं."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सांगते."

बाबांनी गालावरचा फेस हातानंच पुसला. "म्हणजे ओळखलं नाही," ते म्हणाले.

"नाही ओळखलं," आई म्हणाली. "पण मघापासून हात धरून बसलीये, सोडतच नाहीये. मी डाव्या हातानं फोन धरलाय."