बर्फाची सुट्टी

जॉर्डनची राजधानी अम्मानमधल्या एका मंत्रालयात अबू सख्र सव्वीस वर्षं चहा करत होता. साहेबांची साखर त्याला तोंडपाठ होती, आणि आपत्कालीन योजनाही, कारण तिच्या प्रत्येक बैठकीत चहा त्यानेच फिरवला होता. योजनेचं पहिलंच कलम होतं: मोठा बर्फ पडला की बारा जणांच्या आपत्कालीन समितीने मंत्रालयात ठाण मांडून बसायचं.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. सरकारने दरवर्षीसारखी सगळ्या कार्यालयांना सुट्टी दिली. समितीही सरकारीच, तीही घरी बसली. अबू सख्र तेवढा कलमाप्रमाणे गुडघाभर बर्फ तुडवत आला आणि बारा कप मांडून बसला.

फोन वाजला. डोंगराळ अजलून जिल्ह्याचा अधिकारी ओरडत होता, "रस्ते बंद पडलेत! योजना लागू झाली का नाही?"

"झाली की. मी आलोय."

"तू कोण?"

"चहावाला."

"आणि समिती?"

"सुट्टीवर. बर्फ आहे ना, साहेब."

त्याने समितीप्रमुख नवाफ बेकना घरी फोन लावला.

"डोकं फिरलंय का तुझं?" बेक म्हणाले. "एवढ्या बर्फात कोणी घराबाहेर पडतं?"

मग अबू सख्रने "बेकसाहेबांचा हुकूम आहे" असं फोनवर ठोकून देऊन अजलूनला बुलडोझर पाठवायला लावला. दुपारी रस्ता मोकळा झाला.

आठवड्याने अहवाल निघाला: योजना यशस्वी. सोबत अबू सख्रला बेकच्या सहीची नोटीस: सुट्टीच्या दिवशी विनापरवानगी मंत्रालयात काय करत होता?

त्याने खाली लिहिलं, "समितीची वाट पाहत होतो. चहा गार झाला."