सीताबाईंच्या क्रमानं

देवानंद गेल्याचा फोन त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा होता. नंबर देवानंदचाच. एरवी त्यावरून त्याचं "जयभीम" आणि लगेच कामाचं बोलणं... त्या दिवशी नुसतं रडणं ऐकू आलं. याला आता दीड महिना झाला.

तो तुमसरला शाळामास्तर, मी भंडाऱ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्याच्या डोक्यात वेबसाइट शिरली. बोडीत, म्हणजे गावाकडच्या लहान तळ्यात, मासे धरणाऱ्यांचे शब्द गोळा करायचे, बस. नाकाडोंगरीजवळ राहणाऱ्या, जन्मभर मासे धरलेल्या म्हाताऱ्या सीताबाईंकडे आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो. पहाटे पाण्यात उतरण्यापासून बाजारातून परतण्यापर्यंतचा आपला अख्खा दिवस त्या सांगत गेल्या आणि देवानंद एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द लिहीत गेला. मी ते सगळे त्याच क्रमानं एका फाइलमध्ये टाइप केले आणि चिठ्ठ्या फेकून दिल्या.

वाद पुढे झाला, हे शब्द वेबसाइटवर कोणत्या तंत्रानं दाखवायचे यावरून. सीएसएस आहे त्या मजकुराला रंगरूप देते, त्याचा क्रम तसाच ठेवते. एक्सएसएलटी मजकूर उचलून हवा तसा नव्यानं मांडते. मला अकारविल्हे शब्दकोश हवा होता, म्हणून मी एक्सएसएलटीच्या बाजूनं. देवानंद हटून बसला. "तिनं सांगतला तसाच राहू दे न. तू क्रम बदलवला का तिचा दिवसच मोडते." मी म्हणालो, मूळ फाइल शाबूत राहते, क्रम हवा तेव्हा परत मिळेल. बोललो ते खरंच होतं. पण मी दीडशहाणा. नवी यादी मूळ फाइलच्याच नावानं सेव्ह करून बसलो. दुसरी प्रत नव्हती, सीताबाईंचा क्रम पुसला गेला.

तो भडकेल म्हणून मी तयारीत होतो. तो एवढंच म्हणाला, "असू दे गा. पुन्हा जातो." रविवारी एसटीनं गेला आणि चेहरा पाडून परतला. "आजी सगळंच इसरून राहिली. मलेही ओळखलं नाही." त्यानंतर त्यानं हा विषय माझ्यापाशी काढला नाही. मीही नाही. सुटलो असंच वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

परवा प्रज्ञानं विचारलं, "काका, बाबाची वेबसाइट चालू ठेवायची न?" म्हणून त्याचा कॉम्प्युटर उघडला. शब्द सीताबाईंच्या क्रमानं लावलेले होते. आठवून आठवून, वर्षानुवर्षं तो एकेक शब्द जागेवर नेत होता. अगदी शेवटी तीन शब्द फिक्या रंगात आणि खाली त्याची ओळ: यांची जागा आठवत नाही.

त्यातल्या दोन शब्दांची जागा मला आठवत होती. एक तर सीताबाईंनी हसत हसत पहिलाच सांगितला होता. मी तिथंच बसलो होतो, हे देवानंदला ठाऊक होतं. एक फोन केला असता तर... पण विचारलं असतं तर चूक कोणाची होती हे मला आठवलं असतं. म्हणून त्यानं कधी विचारलं नाही.

ते दोन शब्द मी जागेवर नेऊन ठेवले. तिसऱ्याची जागा मलाही आठवत नाही. तो फिकाच आहे.