कार्बनखालचं नाव

"नाव पुरं सांग. क्वार्टर नंबर सांग."

एवढं बोलून ते पावतीपुस्तकातला कार्बन सरळ करायचे, त्यावर उगाच एक फुंकर मारायचे आणि पेन दाबून लिहायला बसायचे. दहा रुपये द्या की हजार, पावती घेतल्याशिवाय तुमची सुटका नसे. आमच्या सेक्टरमध्ये त्यांना सगळे पावतीकाकाच म्हणत. तुमच्याही कॉलनीत असा एखादा माणूस असेल, ज्याला पाहून वर्गणी नसली तरी हात खिशाकडे जातो.

काका मूळचे वर्ध्याकडचे. उभी नोकरी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी लावण्यात गेली. त्याच ऑफिसात मी त्यांच्या हाताखाली लागलो आणि पुढे त्यांच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. नंबराशिवाय माणूस त्यांना अर्धवट वाटायचा.

ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी जवळच्या कुम्हारीतल्या एका छोट्या कारखान्याने ठेक्यावरचे मजूर एका दिवसात काढून टाकले. मजूर हायवेच्या कडेला धरण्यावर बसले, तिथेच सगळ्यांची मिळून एक चूल पेटली. त्यांच्या मदतनिधीचा हिशेब सांभाळायला काकांइतका चिवट माणूस दुसरा नव्हता. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून कोणीतरी फोनवरून एक्कावन्न रुपये पाठवले, तर हा गृहस्थ पावती द्यायला सायकलवरून तिकडे गेला.

"काका, पैसे पोहोचले हे फोनने सांगितलंच की."

"फोननं सांगतलं. मी कुठी सांगतलं?"

याच्या थोडं आधीची एक गोष्ट सांगतो. कॅम्प-1 च्या बाजारातले हातठेले हटवा म्हणणारी एक मंडळी होती. काका भाजी त्याच ठेल्यांवरून घ्यायचे, त्यामुळे ही मंडळी त्यांना अजिबात खपत नसे. एक दिवस वरून आदेश आला आणि मंडळींच्या वर्गणीचं खातं गोठवलं गेलं. मला आनंद झाला. काका मात्र ते खातं उघडावं म्हणून अर्ज लिहीत बसलेले.

"बरं झालं की काका. तुम्हाला कुठे आवडत होते ते?"

"कावून बरं झालं? सरकारनं इचारावं, पैसा कुठून आला, कुठी गेला. हजार वेळा इचारावं, तो त्यायचा हक्क आहे. पण इचाराच्या आधीच कुलूप? मी बापा गैरहजेरी लावाच्या आधी माणसाले इचारत होतो."

मी हसलो. पुढे धरणं सुरू झालं आणि पावसाळा संपेपर्यंत काकांच्या निधीचं खातंही गोठलं. "ऊपर से आदेश है, काका," एवढंच बँकेतला बाबू म्हणाला. मागोमाग नोटीस आली, देणगीदारांची यादी घेऊन दुर्गच्या कचेरीत हजर व्हा.

सेक्टरभर धाबं दणाणलं. कारण यादी तयारच होती, पूर्ण नावांनिशी, क्वार्टर नंबरांनिशी. पोलिसांनाही इतकी व्यवस्थित जमली नसती. घाबरलेल्यांत मी होतो. मी पाचशे रुपये दिले होते आणि माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

"काका, माझी स्थळप्रत तेवढी फाडा, ती कार्बनखालची."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "फाडली तं पुस्तक खोटं होते. तू भिऊ नको. चहा पी."

मी चहा न पिता उठून आलो. त्याची लाज मला अजून वाटते.

खातं बंद, तर चूल कशावर चालणार? लोक आता पैशांऐवजी शिधा आणू लागले. काकांनी त्याच्याही पावत्या फाडल्या. कांदे, दोन किलो. तूरडाळ, एक किलो. कॅम्प-1 मधल्या एका ठेलेवालीने दुधी आणला, तर पावतीवर लिहिलं, 'दुधी भोपळा, एक, मोठा.' "लौकी का भी रसीद?" म्हणून ती हसली, पण पावती घडी करून पदराला बांधली. एकदा तर ठेले हटवणाऱ्या मंडळींचे पुढारी तेलाचा डबा घेऊन आले. काकांनी नेहमीसारखी फुंकर मारली. "नाव पुरं सांगा."

तारखेच्या दिवशी मी रजा टाकली आणि काकांना स्कूटरवरून दुर्गला नेलं. त्यांनी खर्चाची सगळी बिलं साहेबांपुढे मांडली. पावतीपुस्तकांची पिशवी मात्र मांडीवरच ठेवली.

"और नाम?"

"साहब, पैसा कहाँ गया, एक-एक पाई देखिए. किसने दिया, ये पूछना है तो कारण लिखकर दीजिए. मैं हर आदमी से पूछकर आऊँगा, फिर बताऊँगा."

"फिर खाता बंद ही रहेगा. और कार्रवाई आप पर होगी."

काकांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि बाहेर आले. "भूक लागून राहिली," एवढंच म्हणाले. मग आम्ही स्टँडसमोर पोहे खाल्ले आणि मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी माझ्या पोह्यांवर लिंबू पिळलं.

लेखी कारण कधी आलं नाही, कारवाईही झाली नाही. निम्म्याहून जास्त मजूर कामावर परत घेतले गेले, चूल विझली आणि त्यानंतर कधीतरी खातं आपोआप उघडलं. काका सायकलवरून दारोदार विचारत फिरले, पैसे परत पायजे का. मोजक्यांनीच घेतले. मला प्रमोशनही मिळालं.

गेल्या थंडीत काका लेकीकडे वर्ध्याला कायमचे गेले. जायच्या आदल्या दिवशी ती पिशवी माझ्याकडे घेऊन आले.

"पुस्तकं तुज्यापाशी ठेवून राहिलो. तुजंही पान आहे त्याच्यात. आता फाडाचं असन तं फाड, मी पाहाले नाई."

या वेळी मी चहा केला. दोघांनी प्यायला, फारसं न बोलता.

मागच्या महिन्यात कुम्हारीचे मजूर पुन्हा दारात आले, दुसऱ्या कारखान्याचे. त्यांच्याकडे वर्गणी घ्यायला फोन होता, पावतीपुस्तक नव्हतं. मी आतून काकांची पिशवी आणली. शेवटच्या पुस्तकात काही पानं कोरी होती. चाळताना माझं जुनं पानही दिसलं, शाबूत. कोरं पान काढून मी कार्बन सरळ केला, फुंकर मारली आणि माझं नाव पुरं लिहिलं. क्वार्टर नंबरही.