हौदातल्या लाटा

दोन हजार चारच्या सुमारास आम्ही भुकूमला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. घरमालकीण मावशींच्या गोठ्यामागे एक लांबट, जुना हौद होता. नवऱ्याने तो मागून घेतला आणि त्यात समुद्र केला.

त्याच्या कंपनीत समुद्राच्या लाटांवर तरंगून वीज देणाऱ्या यंत्राचं काम चालू होतं. घरी त्याने त्याचा छोटा नमुना बनवला होता. पाण्यावर वरखाली होणारा पोकळ डबा, त्याला सायकलचा डायनमो आणि एक दिवा. चपट्या डब्यापेक्षा गोल तळाचा डबा बरीच जास्त वीज देतो, असं त्याचं म्हणणं. सोमवारी साहेबांना ते पटलं नाही तर काम बंद, आणि हा परत पंपांच्या दुरुस्तीवर.

रविवारी सकाळी लाटा करायला मी होते. एका टोकाला फळी धरून एकाच लयीत ढकलत राहायचं. माझे दंड भरून आले, पण गोल डब्याने दिवा असा लख्ख लावला की नवरा चिखलात उकिडवा बसून हसत सुटला.

तेवढ्यात मावशी आल्या. हौदाबाहेर उसळलेल्या पाण्यात त्यांच्या गोवऱ्या भिजल्या होत्या.

"आवो सायेब, समुद्र कराचा तर कोकणात जाऊन करा की! माज्या गवऱ्यांचं शेण झालं परत."

असं म्हणून त्यांनी भाताच्या काडाच्या चार पेंढ्या आणून हौदाच्या दुसऱ्या टोकाला खोचल्या. उसळी थांबली. मी त्याच लयीत फळी ढकलत होते, तरी दिवा मिणमिणायला लागला.

नवऱ्याने पेंढ्या काढून पाहिल्या, पुन्हा खोचल्या, तेव्हा त्याला कळलं. हौदाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येणारी लाट योगायोगाने गोल डब्याच्या लयीत पडत होती, ती आता पेंढ्यांनी गिळली. निम्मी वीज त्या भिंतीची होती.

"उद्यापुरता पेंढ्यांआधीचाच आकडा दाखव," मी म्हटलं. "हौद बघायला कोण येतंय?"

"समुद्राला मागची भिंत नसते गं."

मग दोन्ही डबे पेंढ्यासकट पुन्हा मोजले. जेवण दुपारी तीनला झालं. गोल डबा पुढेच राहिला, पण थोडासाच.

सोमवारी तो तेवढाच आकडा घेऊन गेला. स्कूटरला एक ओली पेंढी बांधून. मला वाटलं, आता पंप.

संध्याकाळी तो परतला तर मावशी फाटकातच उभ्या होत्या. "माजी पेंढी कुटं हाय?"

"साहेबांनी ठेवून घेतली, मावशी. कंपनीच्या चाचणीच्या टाकीत लावणार आहेत. काम चालू राहिलं."

"व्हय का? मंग म्हशीला काय तुमचा डबा घालू?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला पेंढा आणायला घोटावड्याला पिटाळलं. एका पेंढीच्या बदल्यात तो स्कूटरभर घेऊन आला.