केबिन रोडवरची अर्धी कादंबरी

सरळच सांगते, मी जळते. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईवर जळते, आणि तिला त्या दुकानात मीच हाताला धरून नेलं होतं म्हणून जरा जास्तच जळते.

पुस्तकांचं ते दुकान केबिन रोडच्या आतल्या गल्लीत आहे, झेरॉक्सवाला आणि फरसाणवाला यांच्या मधे. पुढे शाळेची पुस्तकं, वह्या, पेनं. मागे कथा-कादंबऱ्यांची कपाटं. पुढच्या मालावर दुकान चालतं, मागचं दुकानवाले काका हौसेनं चालवतात. मी ठाण्याला जाऊ दे, वसईला जाऊ दे, पुण्याला भाचीकडे जाऊ दे, आधी पुस्तकाचं दुकान शोधते आणि पाय दुखेपर्यंत चाळत उभी राहते. पण काकांच्या दुकानासारखा रिवाज मी कुठेच पाहिला नाही. नवी कादंबरी आली की काका पहिली प्रत आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या एकाला घरी वाचायला देतात. त्याने ती रविवारी सकाळी मागच्या स्टुलांवर बसलेल्यांना सांगायची, पण अर्धीच. ऐन रंगात आली की गप्प व्हायचं. कोणी "मग? पुढे काय झालं?" म्हणालं की सांगणारा जिंकला. उत्तर द्यायचं नाही. ज्याला राहवत नसेल त्याने विकत घ्यावी.

कित्येक वर्षं ती पहिली प्रत माझी असायची. काका गल्ल्यावरूनच हाक मारायचे, "या मॅडम, तुमची ठेवलीय." मी सांगायला लागले की फरसाणवाला गुजरातीभाईसुद्धा झारा हातात घेऊन दारात यायचा. "फिर क्या हुआ?" तोही विचारायचा.

विचारायचा नाही तो एकच माणूस. माझा नवरा. दर रविवारी भाजीच्या पिशव्या घेऊन मला न्यायला यायचा, बाहेर उभा राहून मोबाईल बघायचा. घरी जेवताना मी एखादी गोष्ट काढली की "हं हं" करत टीव्हीचा आवाज वाढवायचा. माणूस वाईट नाही हो. पण लग्न झाल्यापासून एकदाही त्याने मला "मग पुढे?" असं विचारलेलं नाही, आणि मला जगात दुसऱ्या कोणी विचारण्यापेक्षा त्याने विचारायला हवं होतं.

समोरची परभणीकडची. कुरियरच्या ऑफिसात हिशेब बघते. आमच्या नवघरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारायला लागली, "ताई, इथं पुस्तकं कुठं मिळतात?" मला काय आनंद झाला! आम्ही दारात उभं राहून तासन्‌तास बोलायचो. एकदा बोलता बोलता मी तिला सांगून बसले की घरात कोणी ऐकत नाही म्हणून मी वाचलेल्या गोष्टी पोळ्यांना सांगते. खरंच सांगते. लाटता लाटता कुजबुजत सांगायचं, तव्यावर पोळी टम्म फुगली की समजायचं, तिला आवडली. ती खूप हसली, मीही हसले. मग मी तिला दुकानात नेलं.

झालं. दोन-चार रविवार ती कोपऱ्यात बसली, मग एकदा सांगायला उठली आणि काकांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढून! माझ्या वेळी ते बिलं फाडत ऐकायचे. मला वाटलं, नवी आहे, कौतुक चाललंय, करू दे. पण पुढच्या महिन्यात मी गेले तर काका म्हणतात, "मॅडम, नवी आलीय, पण यावेळी त्यांना देतो हां. त्या छान रंगवतात." नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! "द्या की, त्यात काय," असं म्हणाले आणि रिक्षा न करता तणतणत घरी चालत आले.

ती कादंबरी होती एका लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईची. एक गिऱ्हाईक बॅग ठेवून जातं, परत येतच नाही, आणि ही ती बॅग न उघडता सांभाळते. रविवारी समोरची सांगायला लागली. माझा नवरा पिशव्या घेऊन बाहेर उभा. ऊन होतं म्हणून काकांनी त्याला आत बोलावून स्टूल दिलं.

"ही बाई संध्याकाळी घरी येते," समोरची सांगत होती, "आणि दिवसभरात लॉजवर कोण आलं, कोण गेलं, ते पोळ्यांना सांगते. पोळी फुगली की तिला वाटतं, हिला आवडलं."

मी चमकून तिच्याकडे बघितलं.

"आणि नवरा?" कोणीतरी विचारलं.

"नवरा पोळ्या खातो."

सगळे खो खो हसले. माझा नवराही हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "अरेरे, बिचारी. कसला माणूस आहे!" थोड्या वेळाने, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, जरा पुढे वाकून त्याने तिला विचारलं, "मग? पुढे काय झालं?"

तिला विचारलं. माझ्या पोळीवर, तिला.

त्याने तिथल्या तिथे पुस्तक विकत घेतलं. काकांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. घरी येताना तो पुस्तक उघडून पुढे चालत होता आणि मी मागे समोरचीला गाठलं. "ही पोळी कादंबरीत आहे?" मी विचारलं.

"न्हाई ओ ताई. मधला भाग लई रटाळ होता. लोक जांभया द्यायला लागले असते. तुमची पोळी आठवली, दिली घालून." जराही लाज नाही चेहऱ्यावर! उलट म्हणते, "बघा ना, कसा बार उडाला!"

मी नवऱ्याला काही बोलले नाही. म्हटलं, शोधू दे. आठवडाभर टीव्ही बंद. जेवताना पुस्तक, चहाला पुस्तक. जो टीव्ही बंद व्हावा म्हणून मी नवस बोलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तो तिच्यामुळे बंद झाला, आणि मला त्या शांततेचाही राग येत होता.

शनिवारी संध्याकाळी मी पोळ्या करत होते. तो पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आला.

"अगं, संपलं. बॅगेचं कळलं. पण ती पोळ्यांशी बोलणारी कुठे आहे? मी मागेपुढे दोनदा बघितलं."

"पुस्तकात नाही ती," मी म्हणाले.

"मग कुठे आहे?"

मी लाटत राहिले. तव्यावरची पोळी फुगली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग परत पोळीकडे. चेहरा हळूहळू उतरला त्याचा. मग कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून ओट्याजवळ बसला.

"आज काय सांगत होतीस?"

मी सांगायला लागले. नुकतीच वाचलेली एक कथा होती, दोन बहिणी आणि त्यांनी विकायला काढलेली होडी. ऐन रंगात आली आणि सवयीनं माझं तोंड बंद झालं.

"मग?" तो म्हणाला. "पुढे काय झालं?"

दुकानाच्या रिवाजाप्रमाणे मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. पार शेवटापर्यंत सांगत सुटले. तव्यावरची पोळी करपून काळी झाली, घरभर धूर झाला. बेल वाजली. बाहेरून समोरचीचा आवाज, "ताई, काही करपतंय का ओ?"

तो उठायला लागला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"करपू दे!" मी आतूनच ओरडले, आणि पुढचं सांगायला लागले.